सेकंदाचा दहावा भाग

तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या गटाच्या पापडांचा दुसरा नंबर आला आणि बायकांचे चेहरे उतरले. तेव्हा त्यांना सांगितलेली गोष्ट आज तुम्हालाही सांगते.

बस्टर क्रॅब हा अमेरिकेचा जलतरणपटू, हवाई बेटांवर वाढलेला. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर पोहण्यात त्याला कांस्यपदक मिळालं. पुढची चार वर्षं तो पोहत राहिला. १९३२ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटरच्या शर्यतीत त्यानं फ्रान्सच्या जाँ तारीसला हरवलं, तेही सेकंदाच्या फक्त दहाव्या भागानं!

सुवर्णपदकामुळे सिनेमावाल्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. १९३३मध्ये तो टारझन झाला, १९३६मध्ये फ्लॅश गॉर्डन, १९३९मध्ये बक रॉजर्स. हे सगळे कथामासिकांतले, चित्रकथांतले वीर. फ्लॅश गॉर्डनचे १३ भाग होते. नायक संकटात सापडला की भाग संपायचा आणि पुढचं बघायला पोरं पुन्हा थिएटरात हजर!

तारीस मात्र रौप्यपदक घेऊन परतला. तो काय कमी दमला होता? पहिला नंबर एकालाच मिळतो, मेहनत दोघांचीही असते. आणि क्रॅबलाही आधी तिसराच नंबर मिळाला होता. तेव्हा बायांनो, पुढच्या प्रदर्शनाला गटाचं नाव आजच नोंदवू या.