स्वीडनच्या मागावरच्या बाया

आज जरा लांब जाऊ या, युरोपच्या उत्तरेला, स्वीडन देशात. तिथला हिवाळा मोठा आणि दिवस अगदी लहान. शेतीची कामं थांबली की घरात माग उभा राहायचा. आपण जवसाची चटणी करतो ना, त्याच जवसाच्या काड्यांतून तिथल्या बाया धागा काढायच्या, कातायच्या आणि कापड विणायच्या. मेंढीची लोकर असायचीच.

दक्षिणेला स्कोने नावाचा भाग आहे. तिथे मुलगी लग्नाआधीच घोडागाडीत बसायच्या गाद्या, उशा, भिंतीवर लावायची रंगीत वस्त्रं विणून पेटीत भरून ठेवायची. आपलं रुखवतच म्हणा! त्यावर साल आणि नावाची अक्षरं विणलेली असायची. शेवटचं अक्षर बऱ्याचदा 'डी', म्हणजे 'दोत्तर', मुलगी. तेव्हा तिकडे बाई बापाचं नाव लावायची आणि लग्नानंतरही तेच राहायचं.

अशीच एक केर्स्तिन आंदेर्सदोत्तर, म्हणजे आंदेर्सची मुलगी. जन्म १७७४ चा. पश्चिमेकडे बोरोस नावाचं शहर आहे, त्या मुलखातली. तिथले फेरीवाले पाठीवर गाठोडं मारून देशभर कापड विकत हिंडायचे. केर्स्तिननं घरोघरच्या बायांना सूत द्यायला सुरुवात केली. बायांनी घरीच विणायचं, तिनं कापड गोळा करून मजुरी द्यायची आणि माल पुढे विकायचा. लोक तिला 'मोर केर्स्तिन' म्हणायचे, म्हणजे केर्स्तिनआई. तिच्या मुलानं, स्वेन एरिक्सननं, १८३४ मध्ये रिदबोहोल्मला यंत्रमागाची कापड गिरणी काढली.

सोलापूरकडच्या विडी वळणाऱ्या बहिणींना ही पद्धत लगेच ओळखीची वाटेल. पान-तंबाखू कारखान्याचा, हात आपले, मजुरी हजारावर. केर्स्तिनच्या हुशारीचं मला कौतुक आहे. पण विणणारीच्या बाजूनं बघा: सूत तिचं नाही, गिऱ्हाईक तिच्या ओळखीचं नाही, भाव ठरवणारं दुसरंच कुणी. आणि मिळालेली मजुरी तरी तिची होती का? लग्न झालेल्या बाईची कमाई तिच्या स्वतःच्या ताब्यात देणारा कायदा तिथे १८७४ साली आला. तोवर कायद्यानं ती नवऱ्याच्या हातात.

गिरण्या आल्या तसा घरचा माग मागे पडला. एक मात्र झालं, गिरणीचं सुती सूत स्वस्त झालं. मग बायांनी उभ्या ताण्याला ते सूत घेतलं, आडव्या बाण्याला जुन्या कपड्यांच्या चिंध्या, आणि पट्ट्यापट्ट्यांचे गालिचे विणले. गोधडीची चुलत बहीणच!

पुढे लिल्ली झिकरमान नावाच्या बाईनं हस्तकलेची मोठी चळवळ उभी केली. १८९९ मध्ये तिच्या पुढाकारानं संस्था निघाली आणि स्टॉकहोममध्ये दुकान सुरू झालं. खेड्यातल्या घरी तयार झालेला माल थेट राजधानीत विकायला! काम चोख हवं, असा तिचा कडक आग्रह. हलका माल स्वस्तात विकला की विणणारीच्याच मजुरीवर येतं, हे आपल्यालाही प्रदर्शनात दिसतंच.

उतारवयात ही बाई गावोगाव फिरली. घरोघरच्या पेट्या उघडायला लावून जुन्या विणकामाचे फोटो आणि नोंदी केल्या. सुमारे २४ हजार नोंदी झाल्या. कुठल्या गावात कसं विणत, हे त्यांतून आजही शोधता येतं.