वळिवड्याची छावणी : आश्रय आणि अधिकार

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नावांनी लिहिला जातो. किल्ला कोणी घेतला, तह कोठे झाला, हे आपण शाळेत पाठ करतो. परंतु त्या धामधुमीत घरदार गमावलेल्या स्त्रियांचे व मुलींचे पुढे काय झाले, याची नोंद क्वचितच सापडते. महाराष्ट्राच्या भूमीवर मात्र अशी एक हकीकत घडली आहे आणि ती आपल्या वाचकांना ठाऊक असावी, असे आम्हांस वाटते.

१९४० व १९४१ साली सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना सैबेरिया व कझाकस्तानच्या ओसाड मुलखात हद्दपार केले. १९४१ च्या जुलैमधील करारानंतर त्यांची सुटका होऊ लागली. पुष्कळ पुरुष जनरल आंदर्स यांच्या सैन्यात दाखल झाले. मागे उरल्या त्या मुख्यत्वे स्त्रिया, मुले आणि वृद्ध. उपासमार व रोगराई सोसत त्यांतील काही हजार जण हिंदुस्थानात पोहोचले. १९४२ साली आलेल्या अनाथ मुलांच्या पहिल्या तुकडीने काही महिने वांद्र्यास काढले. आमच्या कुर्ल्यातून मिठी नदी ओलांडली की वांद्रे लागते. इतक्या जवळ घडलेली ही घटना आज फारच थोड्यांच्या स्मरणात असेल. मुंबईतील पोलिश कॉन्सल जनरलच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनी या कार्यात पुढाकार घेतला होता. पुढे त्या मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला.

सर्वांत मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात, मिरजेच्या लोहमार्गावरील वळिवडे येथे १९४३ साली उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहिली आणि त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. लांबच लांब बराकी, त्यांत एकेका कुटुंबाला बेताचीच जागा. परंतु तेथे केवळ अन्न व छप्पर मिळाले असे नव्हे. शाळा सुरू झाल्या, प्रार्थनामंदिर व इस्पितळ झाले, नाटके बसली, मुलींची बालवीर पथके निघाली. कर्ते पुरुष आघाडीवर असल्यामुळे शिकवण्यापासून शुश्रूषेपर्यंत अनेक कामे स्त्रियांनीच अंगावर घेतली. ज्यांना कालपर्यंत गुरांप्रमाणे आगगाडीच्या डब्यांत कोंडले गेले होते, त्यांच्या हाती पुन्हा खडू आला, सुई आली, जबाबदारी आली. दुःख संपले नाही. पण आपण कोणी आहोत, ही जाणीव परत आली. आमच्या मते वळिवड्याचे खरे महत्त्व येथे आहे.

१९४८ साली ती छावणी बंद झाली. कोणी मायदेशी परतले, पुष्कळ जण इंग्लंड, आफ्रिका आदी ठिकाणी पांगले. त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि गांधीनगर वसले. आमच्या शेजारच्या चेंबूरलाही अशीच निर्वासितांची छावणी पडली होती.

त्याच फाळणीने दुसरी बाजूही दाखवली. पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी भारत सरकारने १९४९ साली कायदा केला. हेतू दयेचा होता व त्यामुळे अनेकींची सुटकाही झाली. परंतु कोठे राहावे, कोणाजवळ राहावे, याबाबत त्या स्त्रीची स्वतःची इच्छा त्या कायद्याने निर्णायक मानली नाही. काहींना पोटच्या मुलांपासून दुरावावे लागले. जिचे रक्षण करावयाचे, तिलाच विचारावयाचे राहून गेले.

जगालाही हा धडा सावकाशच उमगला. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने युद्धकाळात स्त्रियांना अत्याचारापासून विशेष संरक्षण दिले. मात्र तेथे भाषा स्त्रीच्या अब्रूची होती. ऑक्टोबर २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव संमत केला, तेव्हा शांततेच्या वाटाघाटींत व निर्णयांत स्त्रीला स्थान असावे, हे मान्य झाले. मधे अर्धे शतक लोटले होते.

रक्षण आणि अधिकार या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, असे हा इतिहास सांगतो. भिंतींच्या आड सुरक्षित ठेवलेली स्त्री अद्याप मुक्त झालेली नसते. संकटातून आलेली एखादी लेक उद्या आपल्या दाराशी उभी राहिली, तर तिला पोटभर जेवण द्यावेच. त्याबरोबर तिचे म्हणणे ऐकावे, शिकण्याची व कमावण्याची वाट मोकळी करून द्यावी आणि पुढचा निर्णय तिच्यावर सोपवावा.