मोडक्या शिंगाचा बैल

लहानपणी माझ्याकडे लाकडाचा एक बैल होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी लातूरच्या गंजगोलाईतून आणलेला. दोन वर्षांत त्याचं एक शिंग गेलं, चाकं निखळली, रंग उडाला. आईने दोनदा तो चुलीत घालायला घेतला आणि दोन्ही वेळा मी रडून परत मिळवला. पुढच्या पोळ्याला नवा आला. पण त्याची पाठ हाताला लागायची नाही. जुन्याची घासून घासून गुळगुळीत झाली होती.

पुढे नांदेडला इतिहास शिकवू लागलो. राजे, लढाया, सनावळ्या सगळं होतं. त्यात लहान मूल मात्र कुठे भेटत नव्हतं. ते मला तेरला भेटलं.

तेर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचं गाव, लातूरहून बार्शीकडे जाताना लागणारं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये याचं नाव ‘तगर’ असं येतं. पैठणपासून दहा दिवसांची वाट, आणि इथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायचं. गाड्या आल्या म्हणजे बैल आलेच! पावसाने इथली पांढर धुपली की जुन्या वस्तू वर येतात. गावच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जिवापाड जमवल्या; आज त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय तिथे आहे.

लोक पाहायला येतात ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली तिच्यासारखीच एक मूर्ती सापडली. मी मात्र रेंगाळतो तो सातवाहनकाळातल्या मातीच्या लहान आकृत्यांपाशी. दोन साच्यांत दोन अर्धी अंगं काढून जोडायची, ही इथल्या कारागिरांची खास रीत. अशा आकृत्यांतली खेळणी कोणती आणि देवापुढे ठेवायच्या कोणत्या, हे ठरवणं अवघड असतं. झीज पाहून ठरवावं, तर माती-पाणीही वस्तू झिजवतं. पोराच्या हाताची झीज वेगळी कशी ओळखायची?

मला आठवते ती किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचं विसर्जन झालेलं, गावं झोपेत, आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंप. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदं माणसांच्या अंगावर आली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आम्ही नांदेडहून विद्यार्थी घेऊन मदतीला गेलो होतो. पत्र्याच्या एका शेडमध्ये आजीजवळ सहा-सात वर्षांची पोर बसली होती. हातात चिंध्यांची बाहुली, एक हात फाटलेला, तोंडावरचे दोरे उसवलेले. ढिगाऱ्यातून काढलेली ती एवढीच वस्तू, असं आजी म्हणाली. शहरातून आलेल्या सामानात प्लास्टिकच्या नव्या बाहुल्या होत्या. आमच्यातल्या एकीने तिला त्यातली एक दिली.

पोरीने ती घेतली. उलटीसुलटी करून पाहिली. मग तिचा झगा काढला, आपल्या बाहुलीला घातला आणि नवी बाहुली तशीच उघडी आजीकडे परत दिली.

माझा बैल पुढे कुठे गेला, ते मला आठवत नाही. आईला विचारायचं राहून गेलं.