कठड्यावरचे हात

उपनगरातल्या एखाद्या जुन्या दुमजली घराचा जिना रंगवायला काढला, की सुरुवात खरवडण्यापासून होते. लोखंडी पट्टी कठड्यावर तिरपी धरून ओढली की चॉकलेटी ऑइलपेंटचे पापुद्रे निघतात. त्याखाली हिरवा लागतो, त्याखाली कधी पिस्ता, कधी राखाडी. तळाशी मात्र रंग नसतो. तिथे लालसर, पारदर्शक आणि नखाने टवका उडेल इतका ठिसूळ थर असतो. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर फिरवला की थर विरघळतो आणि बोळा तांबूस होतो. ही लाख. तिच्याखाली बऱ्याचदा बर्मा साग.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीच्या जुन्या जिन्यांचा इतिहास या थरांत साठला आहे. लाकूड कुठून आले ते त्यातून कळतेच. त्याहून मोलाची माहिती म्हणजे त्या जिन्याची काळजी कोणत्या काळात कोणी घ्यायची होती आणि खरोखर कोणी घेतली.

मुंबईची सागाशी ओळख जहाजांमुळे घट्ट झाली. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने इंग्रजी आरमाराला सागाची जहाजे बांधून दिली. त्यांतले १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जपून ठेवले आहे. तेव्हाचा साग मुख्यतः मलबारचा. तिकडची जंगले विरळ होत गेली तशी व्यापाऱ्यांची नजर ब्रह्मदेशाकडे वळली आणि १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ही कंपनी उभी केली.

ब्रह्मदेशात सागाचे झाड लगेच पाडत नसत. बुंध्याभोवती सालीसकट लाकडाचा पट्टा कापून झाड उभ्यानेच वाळू देत आणि दोन-तीन वर्षांनी त्यावर कुऱ्हाड घालत. ओला साग पाण्यात बुडतो, वाळलेला तरंगतो. म्हणून हा सगळा खटाटोप. मग हत्तींनी ओंडके ओढ्यापर्यंत न्यायचे, पावसाळ्यात ते नदीला लागायचे आणि तराफे बांधून रंगूनला पोचायचे. परवानगीपेक्षा जास्त लाकूड नेल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने याच कंपनीला दंड ठोठावला. त्या भांडणाचे निमित्त होऊन १८८५ मध्ये तिसरे इंग्रज-ब्रह्मी युद्ध झाले आणि राजा थिबा कैदी म्हणून रत्नागिरीला आला. १९१६ मध्ये मरण येईपर्यंत तो तिथेच राहिला. ज्या कोकणातले सुतार पोटासाठी मुंबई गाठत होते आणि बर्मा सागावर रंधा चालवत होते, त्याच कोकणात त्या सागाच्या देशाचा राजा नजरकैदेत होता. मुंबईच्या जिन्यांचा विषय निघतो तेव्हा ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ती सांगायला हवी.

सागात अंगचे तेल असते, म्हणून त्याला वाळवी सहसा लागत नाही. त्यात वाळूसारखा सिलिकाही असतो, त्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. सुतार त्यावर कुरकुर करतात, पण साग सोडत नाहीत.

उपनगरांत हा साग शिरला तो वस्तीच्या मागोमाग. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि दाटीवाटीच्या शहरातून बाहेर पडण्याचा विचार मध्यमवर्ग गांभीर्याने करू लागला. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. १९२२ मध्ये क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी मुलुंड स्टेशनपासून ‘पाच रस्ता’ चौकापर्यंत सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी केली. जानेवारी १९२८ पासून बोरीवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली. जागा होती, गाडी आली, घरे उठली.

त्या घरांचे जिने एकसारखे नव्हते. आंबोली, मरोळ, चकाला इथल्या गावठाणांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांच्या कितीतरी घरांना माडीवर जायचा जिना बाहेरून असे. त्याच्या कठड्यावर चार महिने पावसाचा मारा, मग तिथे पॉलिशचे लाड परवडत नसत. जवसाचे तेल चोळायचे किंवा रंग द्यायचा. बंगल्यात जिना घराच्या पोटात असे. त्याचे खांब कातारी लेथवर काढून देई, वरची पट्टी तळहातात बसेल अशी गोलसर तासलेली, आणि खालच्या टोकाला जाड मुख्य खांब. चाळीत कठडा जिन्यापुरता नसेच. तो मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांपुढून धावत जाई; त्यावर गोधड्या वाळत, त्यावर कोपरे टेकून गप्पा होत, आणि गणपती आले की त्यालाच तोरण बांधले जाई.

बंगल्याचा कठडा मात्र पॉलिशवाल्याचा. ते काम जवळून पाहण्यासारखे असते. पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख म्हणजे चपडा; तो स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत ठेवायचा. तोवर लाकूड आधी जाड आणि मग बारीक पॉलिशपेपरने रेषांच्या दिशेने घासायचे. आडवे घासले तर प्रत्येक ओरखडा पॉलिशखाली उठून दिसतो. भेगा आणि खिळ्यांची भोके खडूची पूड आणि गेरू मिसळून भरायची. मग कापसाचा गोळा मलमलीत गुंडाळून चपड्यात बुडवायचा, अडकू नये म्हणून त्याला तेलाचे एक बोट लावायचे आणि गोल गोल फिरवत हात द्यायचा. स्पिरिट बघता बघता उडून जाते, मागे लाखेचा अतिशय पातळ थर राहतो. असे हातावर हात चढवायचे. गोळा एका जागी क्षणभर थांबला तरी खालचा थर ओढला जातो आणि तिथे डाग पडतो. म्हणून कसबी पॉलिशवाल्याचा हात कठड्यावर टेकतानाही फिरत असतो आणि उचलतानाही.

हवा दमट असेल तर पाण्याचा अंश थरात अडकून पॉलिश पांढरट पडते. मुंबईत त्यामुळे हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास निघायचे. रंगरंगोटीच्या प्रथेमागे सण तर आहेच, हवेचा हा हिशेबही आहे.

लाखेचा किडा पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर वाढतो. भारतातली लाख मुख्यतः छोटा नागपूरच्या पट्ट्यातली. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये लाख संशोधनाची संस्थाही निघाली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या बनत. बालगंधर्वांचे पद ज्या तबकडीतून दिवाणखान्यात घुमे आणि त्याच घराच्या जिन्यावर जो थर चमके, त्या दोन्हींचे मूळ एकाच किड्यात होते.

लाखेचा एक स्वभाव आहे: तिला लक्ष द्यावे लागते. जिन्याची वरची पट्टी दिवसभर घामट हातांखाली येते, तिथला थर आधी झिजतो. खालचे खांब वर्षानुवर्षे तसेच राहतात. मालक घरातच राहत असेल तर दोन-चार वर्षांनी पॉलिशवाल्याला बोलावणे जाई. जिना वापरणारा आणि पैसे देणारा एकच माणूस होता, तोवर हे चालले.

मग १९४२ आले. मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि बर्मा सागाचा ओघ थांबला. त्याच्याच आदल्या महिन्यात गिरगावातल्या गायवाडीत चार मित्रांनी रंगाचा छोटा धंदा सुरू केला होता. चंपकलाल चोकसी, चिमणलाल चोकसी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील यांचा तो धंदा म्हणजे एशियन पेंट्स. युद्धामुळे परदेशी रंगाची आयात बंद होती, देशी रंगाला मोकळे मैदान मिळाले. लोअर परळला १९२० मध्ये निघालेली गहागन पेंट्स ही कंपनी, जी पुढे नेरोलॅक झाली, ती तर आधीपासून होतीच. एशियन पेंट्सचा कारखाना पुढे भांडुपला, म्हणजे उपनगराच्या अंगणातच आला. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला रंगाचा डबा हातात घेतलेला ‘गट्टू’ घराघरांत पोचला. लाकूड मिळेनासे होण्याचा आणि डबाबंद रंग हाताशी येण्याचा हा काळ एकच होता, आणि कठड्याचे पुढचे नशीब त्यात ठरले.

त्यावर शिक्का मारला तो कायद्याने. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. भाडेकरूंना त्या कायद्याने छप्पर दिले, हे विसरता येत नाही. फाळणीनंतरच्या आणि गिरण्यांच्या मुंबईत त्याच्याविना लाखो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण भाडे गोठले आणि सुतार, पॉलिशवाला, चपडा यांचे दर वाढत राहिले. मालकाने जिन्याकडे पाहणे सोडले. भाडेकरूंना तो जिना आपला वाटत होता, पण कागदावर तो त्यांचा नव्हता. मग गणपतीआधी किंवा कोणाच्या घरच्या लग्नाआधी वर्गणी काढून ऑइलपेंटचा डबा आणायचा आणि आहे त्यावर दोन हात मारायचे, असा रिवाज पडला. चॉकलेटी रंग पसंत पडायचा कारण तो मळ खातो. चकचकीत लाखेत मेण असते, ती न घासता वर दिलेला ऑइलपेंट नीट धरत नाही. काही वर्षांत पोपडे सुटतात, त्यावर पुन्हा रंग. खरवडताना निघणारे ते हिरवे, पिस्ता, राखाडी थर म्हणजे या वर्गण्यांचा हिशेब आहे. सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याची ती तरतूद अवाजवी ठरवली ती डिसेंबर १९९७ मध्ये, आणि नवा भाडेनियंत्रण कायदा लागू झाला ३१ मार्च २००० रोजी. तोवर बरेच कठडे हातचे गेले होते.

उपनगरांवर आणखी एक अन्याय झाला. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये उपकर घेऊन मंडळ नेमणारा कायदा आला, पण तो शहराच्या बेटापुरता. गिरगावातल्या चाळीचा जिना मंडळाने टेकू देऊन का होईना उभा ठेवला. घाटकोपर-मुलुंडच्या चाळीला तो आधार नव्हता. १९५७ पर्यंत ही उपनगरे बृहन्मुंबईत आली होती, तरीही. तिथे इमारत मोडकळीला आली की महापालिकेची कलम ३५४ ची नोटीस यायची.

मालकी फ्लॅटच्या लाटेत लाकडी जिना मागे पडला. सिमेंटच्या पायऱ्या आल्या, लोखंडी सळ्यांचा कठडा आला. वरची पट्टी काही काळ सागाची राहिली, लोखंडी पट्टीवर खालून स्क्रूने बसवलेली, नंतर तिथे काळे पीव्हीसी आले. सांध्यांतला सरसही गेला. बळवंत पारेख हे एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई होते आणि पत्नीसह वखारीतच राहत. सुतारांना सरस शिजवताना त्यांनी रोज पाहिले असणार. १९५९ मध्ये आलेल्या त्यांच्या फेविकॉलने ते शिजवणे संपवले. त्यांच्या पिडिलाइट कंपनीचे मुख्यालय आज अंधेरीतच आहे.

आता हे जुने कठडे पुनर्विकासात सुटे होत आहेत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर पाडकामातल्या जुन्या सागाला भाव आला. जोगेश्वरी पश्चिमेच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये असे लाकूड खरवडून, पॉलिश करून पुन्हा विकले जाते. जिन्याचा कातीव खांब तिथे दिव्याचा दांडा होतो किंवा टेबलाचा पाय होतो. लाकूड वाचते, हे चांगलेच. पण जिना वाचवण्याची संधी ज्यांच्या हातात अजून आहे, त्यांनी आधी घरच्या घरी प्रयत्न करावा.

मात्र खरवडण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या थरांना कोरड्या पॉलिशपेपरने घासणे किंवा बत्तीने जाळणे म्हणजे विष घरभर उडवणे. लाकूड ओले करून घासावे, चांगला मास्क लावावा, लहान मुले आणि गरोदर बायका यांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे, फरशी झाडू नये तर ओल्या फडक्याने पुसावी, आणि निघालेले पापुद्रे पिशवीत बांधावेत. कारागिरालाही मास्क द्यावा. तो रोज हेच काम करतो, त्याच्या फुप्फुसाचा विचार घरमालकाने करायचा असतो.

नंतर काय लावायचे, यावर दुकानदार बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सुचवतो. दोन्ही टणक आहेत, पाण्याला दाद देत नाहीत, आणि पावसाला उघड्या जिन्यासाठी पीयू योग्यच. लाख नाजूक आहे. गरम भांड्याने, पाण्याने डागते, आणि अल्कोहोलच्या सॅनिटायझरने तर विरघळते, हे करोनाच्या काळात कठड्यांवर फवारे मारणाऱ्यांना कळले असेल. तरीही घरातल्या जिन्यासाठी लाखच बरी. पीयूचा थर एका जागी उखडला की आसपासची पट्टी घासून पुन्हा चढवावी लागते आणि जोड दिसतो. लाखेत झिजलेल्या वीतभर जागेवर गोळा फिरवला की स्पिरिट जुन्या थराला मऊ करते आणि नवा हात त्यात मिसळून जातो. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि घरातले कोणीही ते शिकू शकते.