रात्र थोडी, सोंगं फार

लग्नघरातली बाई किंवा मार्चअखेरीला हिशेबात बुडालेला कारकून 'रात्र थोडी, सोंगं फार' म्हणतो, तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं असतं: कामं उदंड, वेळ तोकडा. पण म्हणीत रात्र का? आणि सोंगंच का?

जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाडा या रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या उत्सवात ही म्हण अजून शब्दशः खरी आहे. तिथे सोंग म्हणजे लबाडी नव्हे, मुखवटा. लाकडात कोरलेला किंवा कागदाच्या लगद्याचा, भडक रंगवलेला. आधी गणपती, सरस्वती. मग संबळ-पिपाणीच्या तालावर एकामागून एक देव, दैत्य, राक्षस. कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. प्रत्येकाची पाळी यायची, तर उजाडायच्या आत उरकायला हवं! मुखवटा हा शब्द मराठीत आहेच, पण त्याचा स्वभाव वेगळा. गौरीचा मुखवटा बसवतात, सोंग नाचवतात.

शब्दाचं कूळ बहुधा संस्कृत 'स्वाङ्ग'शी जोडलं जातं. सुवर्णाचं सोनं झालं, लवणाचं लोण, तसं स्वांगाचं सोंग. हिंदीत स्वांग राहिला, हरियाणातल्या लोकनाट्याला तर सांगच म्हणतात. गंमत अशी की संस्कृतात स्वाङ्ग म्हणजे आपलं स्वतःचं अंग, आणि सोंगात नेमकं तेच झाकायचं. म्हणून काही जण 'सम' आणि 'अंग' अशी फोड करतात: दुसऱ्यासारखं अंग. अर्थाला ही फोड जवळची वाटते, पण मला पहिलीतला विरोधाभास सोडवत नाही.

पुढे शब्द चेहऱ्यावरून उतरून वागण्यावर आला. एकनाथांच्या भारुडांत सोंग घेऊन उभं राहणारा आंधळा, जोगवा मागणारी, भुत्या हे सारे कोण आहेत, ते समोरच्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यात फसवणूक नाही. तमाशातल्या सोंगाड्याचंही तेच. १९७१ साली दादा कोंडक्यांच्या 'सोंगाड्या' चित्रपटाने तो शब्द घराघरांत नेला. फसवणूक शिरली ती क्रियापदातून. सोंग 'वठवलं' की कौतुक, 'केलं' की संशय. पुढे त्याला ढोंगाची जोड मिळाली आणि 'सोंगंढोंगं' झाल्यावर अब्रूच गेली. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग... फक्त पैशाचं सोंग तेवढं आणता येत नाही, असं व्यवहारी मराठी माणूस बजावतो.

बोहाड्यातल्या माणसाला मात्र 'सोंग करू नकोस' म्हणून पाहा. तो म्हणेल, करत कुठे आहे, नाचवतोय.