संक्रांत : चौसाळा परिसर

बीड जिल्ह्यातील चौसाळा (ता. बीड) व आसपासच्या गावांत साजरा होणारा सुगीचा सण. बालाघाटाच्या पठारावरचे हे बाजारपेठेचे गाव धुळे–सोलापूर महामार्गावर आहे. मतदारसंघांच्या मागील पुनर्रचनेपर्यंत त्याच्या नावाचा विधानसभा मतदारसंघही होता. भोगी, संक्रांत व किंक्रांत असे सणाचे तीन दिवस. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. तारीख १४, कधी १५ जानेवारी. निरयन गणनेमुळे ती सुमारे ७० वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते.

फळे : शाळू अजून रानात उभा असतो, म्हणून सुगडात (पूजेच्या मातीच्या बोळक्यात) पडतो तो कोवळा माल : हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, गाजर, उसाची पेरे, भुईमुगाच्या शेंगा, तीळ आणि बोरे. बोर गावरानच हवे. बाजारातली टपोरी उमराण बोरे दोन-चार टाकली की सुगड भरून जाते. ज्या फळाने जिल्ह्याचे नाव केले ते सीताफळ (भौगोलिक मानांकन २०१६) या सणात नसते. त्याचा बहर दसरा-दिवाळीच्या सुमारास आटोपतो. तान्ह्या मुलांचे बोरन्हाण याच दिवसांत करतात.

सुगड : संक्रांतीवर लिहिणारे बहुधा तिळगुळापाशीच थांबतात, सणाचा खरा मानकरी कुंभार आहे. तळ्यातली किंवा ओढ्याकाठची चिकण माती वाळवून, कुटून, चाळून भिजवतात. भाजताना तडकू नये म्हणून तीत राख किंवा घोड्याची लीद घालून पायांनी तुडवतात. प्रत्येक रांजणाला स्वतंत्र वेळ द्यावा लागतो, सुगडाचे तसे नाही. चाकावर मातीचा उंच गोळा बसवायचा, त्याच्या शेंड्यावरच बोळके ओढायचे, दोऱ्याने खालून कापून उतरवायचे आणि चाकाची गती आहे तोवर पुढचे धरायचे. काठ बाहेर वळवणे हे शेवटचे काम. कारागिराचा हात त्यावरून ओळखावा. सावलीत सुकवून, गेरू देऊन आव्यात (भट्टीत) रचतात. हवा खेळती राहिली तर सुगड लाल निघते, धूर कोंडला तर काळे.

बलुतेदारीत सुगडांचा मोबदला धान्यात मिळे, आता रोखीचा व्यवहार आहे. पाच सुगडांना दोरा गुंडाळून, हळदकुंकवाची बोटे ओढून पूजा होते व वाण दिले जाते. कुंभाराचा अख्खा आवा पूजून त्यातली भांडी सवाष्णींनी लुटून नेण्याची प्रथा महाराष्ट्रात काही ठिकाणी सांगितली जाते.

ऊसतोडीचा हंगाम : दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. जोडीने कोयता धरणाऱ्या बायकांची संक्रांत त्यामुळे गावात होत नाही, फडाजवळच्या कोपीपुढे (झोपडीपुढे) होते. वाणाला ऊस तेवढा हवा तितका असतो.

हलव्याचे दागिने : पाहा ‘हलवा’.

हळदीकुंकू : विधवांना बोलावण्याबाबत गावोगाव वेगळा व्यवहार आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केल्यावर राज्य शासनाने तो अनुकरणीय ठरवणारे परिपत्रक काढले.

किंक्रांत : या दिवशी शुभकार्य करीत नाहीत.