एकक गळते, मुद्रा उरते

नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याची रचना मिसळलेली आहे, हे आपण साहित्याच्या वर्गात शिकतो आणि शिकवतो. म्हणून केवळ नाममुद्रेवरून कर्ता ठरवण्यास आपण सहसा धजत नाही. उष्णतेच्या अभिसरणशास्त्रातील मितिरहित संख्यांकडे मात्र ही सावध नजर क्वचितच वळते. (अभिसरण आणि अभिसारिका एकाच धातूची लेकरे आहेत, हे विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात नसते.)

या संख्यांची गरज का पडली हे पाहण्यास परभणी जिल्ह्यातील झरी पुरेशी आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. इथला हाली रुपया ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीचा नव्हता. शेर आणि मणही मुलखागणिक बदलत. मापे अशी मातीला बांधलेली असता ड्रेस्डेनच्या नळीत हाती आलेला नियम झरीच्या चुलीवरील पातेल्याशी बोलणार कसा? राशींची अशी गुणोत्तरे घ्यावीत की एकके परस्परांना छेदून नाहीशी व्हावीत. विल्हेल्म नुसेल्ट यांनी १९१५ च्या निबंधात उष्णता-संक्रमणाचे नियम अशाच गुणोत्तरांत मांडले. द्रव स्थिर असता नुसत्या वहनाने जितकी उष्णता गेली असती, तिच्या किती पट ती प्रवाहामुळे जाते, हे सांगणारी संख्या आज त्यांच्या नावाने चालते. ती १ असेल, तर प्रवाहाने काहीच भर घातलेली नाही.

एकक गळाले, पण मुद्रा चिकटली. आणि इथला हिशेब तितका निर्मळ नाही. हवेसाठी सुमारे ०.७ आणि साध्या तापमानाच्या पाण्यासाठी सुमारे ७ भरणारी संख्या लुडविग प्रांट्ल यांच्या नावावर आहे. प्रांट्ल यांचा लेख १९१० चा. नुसेल्ट यांनी तेच गुणोत्तर १९०९ मध्येच वापरले होते. फ्रांट्स ग्रासहोफ यांची गोष्ट तर आणखी न्यारी. जर्मन अभियंत्यांचा संघ १८५६ साली स्थापणाऱ्यांपैकी ते एक. १८९३ साली वारले. तळाचे पाणी तापून हलके होते, वर चढू पाहते आणि त्याचाच चिकटपणा त्याला अडवतो. हा झगडा मोजणारी संख्या पुढच्या पिढीने त्यांना अर्पण केली. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी आपल्या मुद्रेत नामदेवांचे नाव स्वेच्छेने गुंफले. ग्रासहोफ यांना विचारण्याची सोय उरली नव्हती. नुसेल्ट मात्र १९५७ पर्यंत हयात होते, आणि आपली संख्या पाठ्यपुस्तकांत रुळलेली त्यांना पाहता आली.